अडथळा दारातच उभा आहे

नागपूरच्या मंगळवारी बाजाराच्या मागे, दोन खोल्यांच्या एका घरात, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या पानांत एक पत्रक घडी करून ठेवलेलं होतं. घडीवर चिकटपट्टी लावलेली. प्रार्थना करूनही आजारी माणूस बरा का होत नाही, याची सात कारणं त्यावर छापली होती आणि प्रत्येकासमोर एक रिकामा चौकोन होता. अविश्वास. कबूल न केलेलं पाप. मनात धरलेला राग. पूर्वजांचा शाप. तोंडून निघालेले नकारात्मक शब्द. घरातल्या अपवित्र वस्तू. थकवलेला दशांश. चौकोनांत पेन्सिलीच्या खुणा होत्या. काही खोडलेल्या, काही खोडून पुन्हा केलेल्या. चौथ्या चौकोनाजवळ खोडरबरानं कागद इतका झिजला होता की उजेडाकडे धरला तर आरपार दिसायचं. ज्यांचं ते पत्रक, त्या मावशींना पोटाचा कर्करोग होता. मी प्रार्थनेला गेलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्यातच काही कमी असन का जी?"

हा लेख त्या पत्रकाला उत्तर आहे. ते कुणी वाटलं ते सांगणार नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात, हे एक कारण. दुसरं कारण जास्त लाजिरवाणं आहे. अशीच एक यादी, हिंदीतून मराठीत करून, काही वर्षांपूर्वी आमच्या गुरुवारच्या प्रार्थना-गटासाठी मीच झेरॉक्स काढून आणली होती. पन्नास प्रती. एकही उरली नव्हती.

पत्रकातलं अक्षर न् अक्षर खोटं आहे असं मी म्हणत नाही. विश्वास डळमळतो, पाप असतं, राग मनात कुजतो. बायबल ते सांगतं आणि आपल्यालाही ते अनुभवानं ठाऊक आहे. माझा आक्षेप पत्त्यावर आहे. यादी चुकीच्या घरी पडली. ती खाटेवरच्या माणसाच्या हाती दिली गेली. द्यायला हवी होती खाटेभोवती उभ्या असलेल्या आम्हाला.

शुभवर्तमानं एवढा एकच प्रश्न मनात ठेवून पुन्हा वाचून पाहा: येशूकडे निघालेल्या आजाऱ्याच्या वाटेत कोण येतं? कफर्णहूमात चौघांनी पक्षाघाती माणूस बाजेवर घालून आणला, तर दारात पाय ठेवायला जागा नव्हती. दार अडवून उभे असलेले लोक वाईट नव्हते, वचन ऐकायला आलेली श्रद्धाळू माणसं होती ती. शेवटी छप्पर उसकटावं लागलं. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय हाका मारत होता, त्याला गप्प बस म्हणून दटावणारे येशूच्याच सोबत चाललेले होते. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेल्याचं गाऱ्हाणं काय, तर मला पाण्यात उतरवायला कुणी माणूस नाही. अठरा वर्षं कमरेत वाकलेली बाई सरळ उभी राहिली, तर सभास्थानाचा अधिकारीच संतापला, आज शब्बाथ आहे म्हणून. जन्मांध माणसाला पाहिल्याबरोबर हे पाप कुणाचं असं विचारणारे स्वतः शिष्य होते, आणि तो पाहू लागल्यावर त्याला बाहेर घालवणारे धर्माचे जाणकार होते.

म्हणजे नव्या करारातून अडथळ्यांची यादी काढायचीच झाली तर ती अशी निघते: गर्दी, दटावणी, चौकशी, नियम, आणि उचलायला माणूस नसणं. यातली एकही गोष्ट आजाऱ्याच्या अंगात नाही.

फेफरं येणाऱ्या मुलाची गोष्ट तर पत्रकवाल्यांनी रोज वाचावी अशी आहे. शिष्यांनी प्रयत्न केला, जमलं नाही. मग आम्हाला का जमलं नाही, असं त्यांनी येशूला एकांतात विचारलं. आमच्या प्रार्थना-गटातला कुणी असता तर त्यानं उत्तर दिलं असतं की मुलाच्या घरात काहीतरी असेल. येशूनं अल्पविश्वासाचा दोष शिष्यांच्या पदरात घातला. मुलाला काही विचारलं नाही. मुलाचा बाप अर्ध्या विश्वासानं आणि अर्ध्या रडण्यानं उभा होता, तेवढंही त्याला पुरलं.

इथे पत्रकाची बाजू घेणारा मला थांबवेल आणि त्यानं थांबवावं. तो म्हणेल, तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं असं येशू किती जणांना म्हणाला आहे! खरं आहे. पण तो ते कुणाला म्हणाला आणि केव्हा म्हणाला हे बघा. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई, रस्त्यावरचा आंधळा भिकारी, परका शोमरोनी कुष्ठरोगी. ज्यांच्याजवळ काहीच नाही असं सगळा गाव धरून चालला होता, त्यांना तो म्हणाला की हे तुझ्याजवळ होतं. आणि म्हणाला ते काम होताना किंवा झाल्यावर, अट म्हणून नव्हे. ती शाबासकी होती. आम्ही तिची फी केली, आणि फी आधी भरावी लागते.

त्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीत आणखी एक कोपरा आहे. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, आभार मानायला एकच परतला. उरलेल्या नऊ कृतघ्नांचा रोग परत आला असं कुठे लिहिलेलं नाही. बरे दहाही झाले, पण ते विश्वासाचं वाक्य एकालाच ऐकायला मिळालं. तिथला ग्रीक शब्द 'सोझो' बरं करणं आणि तारणं या दोन्ही अर्थांनी येतो. तेव्हा विश्वासाचं माप ब्लड रिपोर्टवर काढू पाहणारा माणूस तो शब्द अर्धाच वाचतो.

मग नासरेथ? तिथे लोकांच्या अविश्वासामुळे त्याला फारसं काही करता आलं नाही, असं मार्क लिहितो. पत्रकवाल्यांचा हा हुकमाचा पत्ता. पण अविश्वास कुणाचा? हा तर आपला सुतार, याची आई-भावंडं आपल्यात राहतात, असं म्हणणाऱ्या गावाचा. आणि त्याच वाक्यात मार्क पुढे सांगतो की थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्यानं त्यांना बरं केलं. गावाचा अविश्वास आडवा आला तरी रोगी बरे झाले. म्हणजे नासरेथातही अडथळा होती ती गर्दीच.

पापाचा मुद्दा जास्त नाजूक आहे आणि तो टाळून चालणार नाही. बेथेस्दाच्या माणसाला येशूनं नंतर बजावलं की यापुढे पाप करू नकोस. पण ते तो चालायला लागल्यावर; चालण्याची अट म्हणून नव्हे. त्या माणसाला तर आपल्याला बरं करणारा कोण हेही ठाऊक नव्हतं. याहून अवघड आहे पौलाचं करिंथकरांस पत्र. प्रभुभोजन अयोग्य रीतीनं घेतल्यामुळे तुमच्यात पुष्कळ जण आजारी आहेत, असं तो स्पष्ट म्हणतो. इथे पाप आणि आजार यांची गाठ पौलानंच मारली आहे, मी ती सोडवत बसणार नाही. फक्त ते पाप कोणतं हे त्याच अध्यायात पाहा. पैसेवाले आधी येऊन जेवून घेत होते, पीत होते, आणि गरीब उपाशी राहत होते. आजारी मावशीला लपवलेल्या पापाबद्दल विचारायला निघालेल्या मंडळीनं आधी विचारावं, मावशीच्या घरी आज चूल पेटली का?

आता चौथा चौकोन, ज्याच्याजवळ कागद झिजला होता. पूर्वजांचा शाप. पणजोबांनी कुठे नारळ फोडला, कुणाला नवस केला, त्याचं तुम्ही भोगता आहात, अशी ही शिकवण. दहा आज्ञांमधल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीचा दाखला तिच्यासाठी देतात. त्याच वाक्याच्या शेवटी हजारो पिढ्यांवरच्या दयेची गोष्ट आहे, ती छापायला पत्रकात जागा पुरली नसावी. आणि यहेज्केल संदेष्ट्यानं अख्खा अठरावा अध्याय खर्ची घातला तो हीच समजूत मोडायला. बापानं आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून पोराचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात पुन्हा बोलायची नाही असं त्यानं परमेश्वराच्या नावानं सांगितलं.

पण माझा राग केवळ या वचनासाठी नाही. महाराष्ट्रात पुष्कळ ख्रिस्ती घरांचे पणजोबा-पणजी गावकुसाबाहेरून आलेले. तुमचा जन्म असा का, तर पूर्वजन्मीचं पाप, हे ऐकून ऐकून कंटाळलेली ती माणसं. हा हिशेब तुमच्या नावावर नाही असं सांगणारा कुणीतरी भेटला, म्हणून ती पाण्यात उतरली, बाप्तिस्मा घेतला. त्याच घरात आज त्यांच्या पणतीला सांगितलं जातं की तुझ्या आजाराचं मूळ तुझ्या पूर्वजांच्या कर्मात आहे. पुढच्या दारानं घालवलेला पाहुणा नाव बदलून मागच्या दारानं आत आला आणि आम्ही त्याला चहा पाजतो आहोत.

पिढ्यान्‌पिढ्या काहीतरी उतरतं, हे विदर्भात वेगळं सांगायला नको. सिकलसेल इथल्या कितीतरी घरांत आहे. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, तेव्हापासून नागपूरच्या डॉक्टरांना हा आजार ओळखीचा आहे. आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. याला शाप म्हणायला जीभ सहज वळते. पण या जनुकाची एकच प्रत ज्याला मिळाली, त्याला मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. ज्या रानात तापानं माणसं मरायची, तिथे आपले पूर्वज जगले ते काही अंशी याच जनुकामुळे. त्यांनी आपल्याला शाप दिला नाही. त्यांना जगवणारी गोष्ट दोन्हीकडून आली की आपल्या पोराला छळते, एवढंच. लग्नाआधी रक्त तपासून घ्या, हे सांगण्यात पूर्वजांचा अपमान नाही. शाप तोडण्याच्या प्रार्थनेत तो आहे.

पाचवं कारण, नकारात्मक शब्द. आजाराचं नाव घ्यायचं नाही, दुखतं म्हणायचं नाही, बरं झालो असं बोलत राहायचं, की तसं होतं. ही शिकवण प्रेषितांच्या काळातली नाही. विसाव्या शतकातल्या अमेरिकेत ई. डब्ल्यू. केनयन यांनी ती मांडली, केनेथ हेगिन यांनी ती गावोगाव नेली, आणि कॅसेट, टीव्ही, मोबाइल अशा वाटेनं ती आमच्या सदर भागापर्यंत आली. तिचं फळ मी डोळ्यांनी पाहिलं. मावशींसोबत रुग्णालयात गेलो होतो. वेदनांचं औषध ठरवणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, तर तुमचं किती? मावशींनी पदराचं टोक मुठीत आवळलं होतं, कपाळावर घाम होता. त्या म्हणाल्या, "शून्य. प्रभूची स्तुती असो." डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मावशी खोटं बोलत नव्हत्या. खरं बोललं तर आपण बरं होणार नाही, असं आम्हीच त्यांना शिकवलं होतं. त्या दिवशी डोस वाढला नाही. ती रात्र कशी गेली ते त्यांच्या सुनेनं मला नंतर सांगितलं.

ज्यांना तक्रार म्हणजे अविश्वास वाटतो, त्यांनी मावशींच्या त्या पत्रकाच्या आजूबाजूची पानं वाचावीत. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं डझनांनी आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि हजारो वर्षं उपासनेत म्हटलं जातं. आणि वधस्तंभावर प्रभूनं आपली वेदना लपवली नाही, मोठ्यानं ओरडून सांगितली.

क्षमेबद्दल मी जपून बोलतो, कारण मनातला डंख काढून टाकल्यानं झोप लागते, जेवण जातं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण क्षमा ही औषधाच्या बाटलीसारखी लिहून देण्याची वस्तू नाही. ज्या बाईला नवऱ्यानं वीस वर्षं मारलं, तिला आजारपणात सांगायचं की त्याला क्षमा कर म्हणजे बरी होशील, यात त्याचं कर्ज तिच्या अंगावरच्या रोगातून वसूल होतं. त्याच्याकडे कुणी पत्रक घेऊन जात नाही.

अपवित्र वस्तूंच्या नावाखाली कुणाच्या घरातला आजोबांचा फोटो, कुणाच्या लग्नात आलेली समई बाहेर निघाली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. दशांशावर मात्र एक आठवण करून देतो. कोड झालेला नामान बरा झाला, त्यानं अलीशा संदेष्ट्यापुढे भेटी ठेवल्या, अलीशानं हात लावला नाही. त्याचा नोकर गेहजी मागून धावत गेला आणि खोटं बोलून पैसे घेऊन आला. त्या गोष्टीत शेवटी कोड कुणाला फुटलं? बरं झाल्याबद्दल पैसे उकळणाऱ्याला. आरोग्यसभेत थैली फिरवणाऱ्यांनी हा अध्याय एकदा व्यासपीठावरून वाचावा.

यावर शेवटचं उत्तर साक्षींचं असतं. अहो, आमच्या सभेत माणसं बरी होतात, तुम्ही या आणि पाहा! मी गेलो आहे आणि पाहिलंही आहे. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, कारण न सांगता येण्यासारखं घडलेलं मीही पाहिलं आहे. पण सिकलसेलचं दुखणं लाटेसारखं येतं. चार-सहा दिवस हाडं फोडून काढतं आणि ओसरतं. ओसरताना ज्यानं हात ठेवला, त्याला साक्ष मिळते. पुढची लाट येते तेव्हा माइक बंद असतो. क्षयाचा खोकला आणि ताप काही आठवड्यांत कमी होतो, औषध मात्र साधारण सहा महिने घ्यावं लागतं. तिसऱ्या महिन्यात व्यासपीठावर उभं राहून, मी गोळ्या सोडल्या, मी बरा झालो, असं सांगणारा तरुण घरी जातो तेव्हा त्याच्या छातीतले जंतू औषधाला दाद न देणारे होऊ शकतात. मग तो घरातल्या लेकराला जे देईल, ते साध्या गोळ्यांनी जाणार नाही. अशा टाळ्यांचा हिशेब कोण ठेवतं?

बरं न होणं म्हणजे विश्वासाची कमतरता, हे सूत्र लावायचंच तर ते पंडिता रमाबाईंना लावून दाखवा. १८८३ साली त्या वैद्यकीचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेल्या आणि ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. पुढे केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०५ साली तिथे प्रार्थनेची जी लाट उसळली, तिची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात होते. शेकडो मुली-बायका रात्रंदिवस प्रार्थना करत होत्या, आणि त्यांच्या मधोमध बसलेल्या रमाबाईंचे कान होते तसेच राहिले. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. मुक्तीत प्रार्थनेला काय तोटा होता? त्याच अधू कानांच्या बाईनं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. सात चौकोनांपैकी कोणत्या चौकोनात त्यांची खूण करायची, ते पत्रकवाल्यांनी सांगावं.

पौलाच्या सोबत्यांचीही तीच गोष्ट. त्रफिम आजारी होता म्हणून पौलानं त्याला मिलेतात मागे ठेवलं. तीमथ्याच्या पोटासाठी त्यानं थोडा द्राक्षारस सुचवला, शाप तोडायला सांगितलं नाही. एपफ्रदीत मरता मरता वाचला, त्याला पौल दोष देत नाही, उलट त्याचा मान राखा म्हणतो. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्यानं तीनदा विनवणी केली, काटा राहिला. आणि त्याच्यासोबत फिरणारा लूक वैद्य होता.

या वैद्याचा धागा आमच्या शहरात आणि राज्यात फार जुना आहे. म्हणूनच औषध सोडण्याची भाषा इथे जास्त बोचते. सीताबर्डीवरचं म्युअर मेमोरियल हे स्कॉटिश मिशनचं, बायकांसाठी उभं केलेलं रुग्णालय. मिरजेत विल्यम वॉन्लेस या मिशनरी सर्जननं १८९४ साली रुग्णालय उघडलं. अचलपूरजवळच्या कोठाऱ्याला लेप्रसी मिशननं कुष्ठरोग्यांचं घर चालवलं. कुष्ठरोग म्हणजे तर पापाची सगळ्यात जुनी खूण. आज बहुविध औषधांनी तो सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो. ज्या हातांनी ती औषधं दिली, जखमा धुतल्या, त्यांनी प्रार्थना सोडली होती का? आमच्या आज्यांना प्रार्थना आणि सुई यांच्यात कधी भांडण दिसलं नाही. ते परक्या मुलखातून आलं, आणि तिथेही टिकलं नाही. शिकागोजवळ झायन नावाचं शहर वसवून डॉक्टर आणि औषध पाप ठरवणारे जॉन अलेक्झांडर डावी १९०५ साली पक्षाघातानं लुळे झाले आणि दोन वर्षांत वारले.

आता माझ्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या मित्राला दोन शब्द. नागपूर हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचंही गाव आहे, आणि तो मित्र म्हणतो, एवढं कळतं तर हे सगळंच सोडून का देत नाही? २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास तो मला दाखवतो. हृदयावर बायपास झालेले १८०२ रुग्ण. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की माहीत होतं, त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होत होती पण तसं नक्की माहीत नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण ५२ टक्के होतं. मला तो अभ्यास आवडतो. अनोळखी माणसांनी यादीवरचं नाव वाचून केलेली प्रार्थना यंत्रासारखी चालत नाही, हे त्यानं दाखवलं. पत्रकवाले आणि माझा मित्र दोघंही प्रार्थनेला नळ समजतात. एक म्हणतो, पाणी येत नाही म्हणजे चावी फिरवणाऱ्याचं चुकतं. दुसरा म्हणतो, नळच खोटा. मला प्रार्थना ही सोबत वाटते. आजाऱ्याच्या उशाशी देवासोबत बसणं, आणि बसलं की उठून काय करायला हवं ते दिसणं.

म्हणूनच याकोबाच्या पत्राकडे यावं लागतं. या विषयावर नव्या करारानं मंडळीला दिलेली एवढीच सरळ सूचना आहे. कुणी आजारी असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. ही विश्वासाची प्रार्थना कोण करतं? वडील. आजाऱ्यानं करायचं काम एकच, हाक मारणं. पाप कबूल करायची गोष्ट त्याच ठिकाणी आहे, पण ती एकमेकांजवळ. एकजण खुर्चीवर आणि दुसरा खाटेवर, असा देखावा तिथे नाही.

आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांनी हा पत्ता आधीच दुरुस्त केला. मरणाच्या दारात देण्याचा म्हणून समजला जाणारा अभ्यंग १९७२ साली आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणून पुन्हा मांडला गेला. २००० साली रोमनं आरोग्यासाठीच्या प्रार्थनासभांवर सूचना काढली, तीत उन्माद आणि नाटकीपणा टाळायला स्पष्ट सांगितलं. आम्ही प्रॉटेस्टंट लोकांनीही मागे राहायचं कारण नाही. याच सदरमध्ये, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या परंपरांनी एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन केली. बाप्तिस्मा, बिशप, प्रभुभोजन यांवर अनेक वर्षं वाटाघाटी करून ती एक झाली. दर रविवारी आम्ही जो विश्वासांगीकार म्हणतो, त्यात पापांची क्षमा आहे आणि देहाचं पुनरुत्थान आहे. माझा देह याच वर्षी दुरुस्त झाला नाही तर माझा विश्वास खोटा, असं कलम त्यात कुणी घातलेलं नाही.

तेव्हा अडथळे दूर करायचेच असतील तर माझी मागणी थोडी आणि कोरडी आहे. प्रार्थनेला येणाऱ्या कुणीही औषधाबद्दल बोलू नये. बोलायचं तर फक्त, वेळेवर घेतलं का, एवढंच. साक्ष सहा महिन्यांनी आणि डॉक्टरांचा कागद पाहून व्हावी. आरोग्यसभेत दानपेटी नसावी. उदास होऊन बसलेल्या तरुणाला भूत काढणाऱ्याकडे नेण्याआधी उड्डाणपूल उतरून मानकापूरकडे प्रादेशिक मनोरुग्णालयात न्यावं. त्यात शरमेचं काही नाही. चर्चच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधावा, चाकाची खुर्ची वर चढेल असा. आणि ज्याला आजाऱ्याच्या पापाची फार काळजी वाटते, त्यानं आधी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीची चिठ्ठी काढायला सकाळी रांगेत उभं राहावं. रांगेत विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

छप्पर उसकटणाऱ्या त्या चौघांची नावं शुभवर्तमानात नाहीत. ते प्रार्थना करत होते की नाही तेही लिहिलेलं नाही. त्यांनी बाज उचलली, चढवली, खाली सोडली, आणि त्यांचा विश्वास पाहून येशू त्या पक्षाघात्याशी बोलला. त्यांचा, असं मूळ वाक्यात अनेकवचन आहे.

मावशी "शून्य" म्हणाल्या, त्या रात्रीनंतर आम्ही त्यांच्याकडे बसलो आणि डॉक्टरला खरा आकडा सांगायचा असं ठरवलं. पुढच्या वेळी त्या "आठ" म्हणाल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. डोस वाढला. मावशी बऱ्या झाल्या नाहीत, पावसाळा संपता संपता गेल्या. मधल्या आठवड्यांत त्यांनी तो सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारला नाही. का, ते मला सांगता येणार नाही. एवढं माहीत आहे की ते पत्रक त्यांनी एके दिवशी स्तोत्रसंहितेतून काढलं, उलटवलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर त्याच पेन्सिलीनं सुनेला लिहायला लावलं. सोमवारी डबा कोण आणणार, बुधवारी रुग्णालयात सोबत कोण, रात्री उशाशी कोण, रक्त लागलं तर फोन कुणाला. चौघांची नावं होती. एक माझं होतं.

तो कागद आता माझ्याजवळ आहे. खलासी लाईनमध्ये दुसरं एक घर आहे, तिथली नवी यादी आम्ही त्याच्याच खाली लिहायला घेतली आहे. शुक्रवारची जागा रिकामी आहे.